मांडव कुठे घालायचा?

लग्नसराई आली की मुंबईची माणसे मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या लग्नासाठी डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर गाठतात आणि परतताना त्याच त्याच तक्रारी घेऊन येतात. कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती, जेवणाच्या रांगेत पाऊण तास गेला, पुऱ्या वातड होत्या, वाटेत एका हळदीच्या डीजेने रस्ता अडवला होता. यातूनच दरवर्षी एक वाद पेटतो. एक बाजू म्हणते, उपनगरांतल्या मध्यमवर्गाला दिखाव्याची चटक लागली आहे, कायदा करून पाहुण्यांवर मर्यादा घाला. दुसरी बाजू म्हणते, पोरीचे लग्न एकदाच होते, पैसा आमचा आहे, तुम्ही कोण विचारणार? दोन्ही बाजू लग्नघराच्या स्वभावावर बोलतात, शहरावर कोणी बोलतच नाही. त्या पाहुण्यांना जो त्रास झाला, त्याचे मोठे कारण यजमानांची हौस हे नसून मुंबईभोवतीच्या या शहरांनी लाखो माणसांची घरे उभी करताना लग्नासाठी जागाच ठेवली नाही, हे आहे. शाळा, दवाखाना, मंडई आणि स्मशानभूमी यांच्याइतकेच मंगल कार्यालय ही सार्वजनिक गरज आहे, आणि ती भागवणे हे पालिकेचे काम आहे.

उधळपट्टी होत नाही असे मुळीच म्हणायचे नाही. हळद हा पूर्वी बहुतेक घरांत बायकांनी उरकायचा तासाभराचा विधी होता. आता त्याला वेगळे स्टेज, पिवळे ड्रेसकोड आणि वेगळे जेवण लागते. लग्नाआधीच्या फोटोंसाठी दोन दिवस घालवले जातात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे, पण ‘दोन्हीकडचा खर्च मुलीकडे’ या गोड नावाने हुंड्याची रक्कम कार्यालयाच्या बिलात शिरते, हेही खरे आहे. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्यांची परंपराही मोठी आहे. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लागला, तो भटजीविना आणि अगदी थोड्या खर्चात. आजही विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होते. ज्यांना हा मार्ग पटतो त्यांनी तो जरूर धरावा. त्यांच्याइतका शहाणपणा सगळ्यांनी दाखवला तर कार्यालयाची गरजच काय, हा विरोधकांचा सर्वांत जोरदार प्रश्न आहे.

या प्रश्नात एक जुनी चूक दडलेली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. रयत कर्जात का बुडते, याचे इंग्रज साहेबांकडे तयार उत्तर होते: हे लोक लग्नात उधळतात. पण खुद्द त्या आयोगानेच लिहून ठेवले की, कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. लग्नात खर्च होत होता, आयोगाने तो नाकारला नाही. पण शेतसारा, पीक आणि व्याज यांचा हिशेब मांडल्यावर दोषाचा मोठा वाटा दुसरीकडे निघाला. लग्नावर बोट ठेवणे सोपे असते, कारण लग्न सगळ्यांना दिसते. साऱ्याचा दर कोणाला दिसतो? तसेच आज बदलापूरच्या लग्नातला डीजे दिसतो, पण शहराच्या आराखड्यातून गायब असलेले कार्यालय दिसत नाही.

मुंबईत लग्ने कुठे होत होती, हे आठवून पाहावे. गिरगाव, दादर, परळ भागांत ज्ञातिसंस्थांनी, देवस्थानांनी आणि न्यासांनी बांधलेली कार्यालये होती, काही आजही आहेत. भाडे परवडणारे, स्वयंपाकघर मोठे, भांडी तिथलीच, आचारी ठरलेला. जागा अपुरी पडली तर चाळीचे अंगण आणि गच्ची होतीच. मराठी माणूस कल्याणच्या पलीकडे सरकला तेव्हा त्याने कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या, पण ते कार्यालय, ते अंगण त्याच्याबरोबर आले नाही. नव्या सोसायटीत तळमजला गाड्यांनी भरलेला आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती. कुळगाव-बदलापूर दहा वर्षांत सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेले. एवढ्या माणसांत दरवर्षी किती लग्ने निघतील? आणि ती वर्षभर सारखी वाटली जात नाहीत. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, मग काहींच्या घरी पौष वर्ज्य, मध्येच गुरू-शुक्राचा अस्त, अधिक महिना असेल तर तोही गेला. उरलेल्या मुहूर्तांतून सुट्टीचा दिवस शोधायचा. काही पंचांगांत चातुर्मासातले काढीव मुहूर्त दिलेले असतात आणि लोक ते आता स्वीकारतात, हे चांगलेच आहे, पण मे महिन्यातल्या रविवारची गर्दी त्याने फारशी हटत नाही.

या टंचाईचा परिणाम आत कसा होतो, हे समजायला पंगतीचे गणित मांडावे लागते. कार्यालय सत्रावर मिळते. सकाळचे सत्र साधारण सातला सुरू होते आणि साडेतीन-चारला हॉल रिकामा करून द्यायचा, कारण संध्याकाळच्या सत्राचा डेकोरेटर फुले घेऊन दाराशी उभा असतो. समजा जेवणाची जागा १,५०० चौरस फूट आहे. टेबलाची रुंदी, खुर्ची आणि वाढप्याला भांडे घेऊन फिरायला वाट धरली तर पंगतीत माणशी १२ चौरस फूट लागतात, म्हणजे एका वेळी १२५ माणसे. पंगत बसल्यापासून उठेपर्यंत ४० मिनिटे आणि टेबले पुसून नवी पाने मांडायला १०. साडेचारशे पाहुण्यांना चार पंगती लागतात. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, एक वाजता पहिली पंगत बसली तर शेवटची उठायला चार वाजून जातात. जागा वेळेत परत करणे अशक्य. बुफेत तेच काम कसे होते? आठ पदार्थांच्या एका काउंटरवर दर १०-१२ सेकंदांनी एक माणूस ताट भरून बाहेर पडतो, म्हणजे मिनिटाला पाच-सहा. दोन काउंटर लावले की ४५० माणसे पाऊण तासात ताट घेऊन निघतात. बुफे मराठी लग्नात शिरला तो याच हिशेबाने. ‘पाश्चात्त्यांची नक्कल’ म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी हे सत्राचे घड्याळ एकदा पाहावे. नुकसान मात्र खरे झाले. उभ्याने खाताना माणूस एकदाच ताट भरतो, पुन्हा रांग नको म्हणून जास्त घेतो आणि टाकतो. पंगतीत वाढपी विचारून वाढत असे. आणि सगळ्यात शेवटी बसणारी विहिणींची पंगत, रांगोळी आणि उदबत्तीची, उखाण्यांची, आग्रहाची, ती या घड्याळात बसतच नाही. ज्यांनी सकाळपासून उपाशीपोटी विधी केले ते नवरानवरी आणि त्यांचे आईवडील पाठीमागे खुर्च्या उचलल्या जात असताना जेवतात. काही ठिकाणी तर अक्षता पडायच्या आधीच, साडेअकराला, जेवणे सुरू करावी लागतात.

वातड पुरीची कथाही तीच आहे. १२५ माणसांना माणशी चार धरल्या तर पाचशे पुऱ्या, साधारण दहा किलो कणीक. मोठ्या कढईत एका घाण्यात बारा पुऱ्या, घाण्याला मिनिटभर. सगळे सुरळीत चालले तरी चाळीस मिनिटे. म्हणजे दोन कढया तरी हव्यात, लाटायला चार बाया आणि त्यांना बसायला जागा हवी. व्यापारी गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर उभ्या केलेल्या हॉलमध्ये स्वयंपाकघर म्हणून जी खोली मिळते तिथे एकच शेगडी नीट चालते. १९ किलोच्या सिलिंडरमधून मोठ्या भट्टीला भराभर गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतो आणि दाब उतरतो. जाणता आचारी म्हणूनच दोन सिलिंडर जोडून घेतो, पण त्यालाही जागा आणि हवा लागते. आच कमी झाली की तेल निवते, पुरी फुगायच्या ऐवजी तेल पिते. मग आचारी सकाळी नऊलाच पुऱ्या तळून टोपल्यात भरून ठेवतो आणि एक वाजता पाहुणा म्हणतो, डोंबिवलीचे जेवण काही खास नव्हते. दोष आचाऱ्याच्या हाताचा नव्हता. मोरीला चरबी अडवणारा सापळा नसतो, तेलाचे आणि भाताचे पाणी थेट गटारात जाते, तिसऱ्या लग्नानंतर गटार तुंबते आणि हात धुवायच्या जागी पायाखाली पाणी साचते. तेही पाहुण्यांच्या लक्षात राहते.

पाहुण्यांची संख्या तरी यजमान ठरवतात का? जागा कमी आणि मागणी जास्त असली की मालक अटी घालतो. बाहेरचा केटरर चालणार नाही, डेकोरेटर आमचाच, आणि किमान ताटांची हमी द्या. चारशे ताटांची हमी लिहून दिली तर अडीचशे माणसे आली तरी पैसे चारशेचे. ज्याच्या घरची यादी अडीचशेवर संपते तो काय करील? ऑफिसातला दुसरा विभाग, जुन्या चाळीतली माणसे, धाकट्या भावाचे क्रिकेटचे मित्र, सगळ्यांना बोलावतो. पैसे जाणारच आहेत तर चार माणसे जेवून तरी जातील, हा त्याचा विचार. बाहेरच्याला हा दिखावा वाटतो. करार ज्याने वाचला आहे त्याला तो नाइलाज दिसतो. त्यावर हॉलभाड्याला १८ टक्के जीएसटी. नोंदणीकृत धार्मिक न्यासाच्या आवारातले सभागृह दिवसाला १०,००० रुपयांपेक्षा कमी भाड्याने मिळाले तर हा कर माफ आहे, पण या शहरांत अशी सभागृहे किती आहेत आणि त्यांच्या तारखा किती आधी संपतात, हे मुलीचे लग्न काढलेल्या कोणालाही विचारावे.

रस्त्यावरच्या मांडवाबद्दल बोलताना शहरी वाचकाची भाषा फार पटकन कडवट होते. डोंबिवली, कल्याण, दिवा, अंबरनाथ या पट्ट्यात आगरी-कोळी समाजाची जुनी गावे आहेत, लोकल आणि इमारती नंतर आल्या. आगरी लग्नात हळदीची रात्र सगळ्या गावाची असते. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई, धवले गाते आणि लग्नातले विधी त्या गाण्यांच्या आधाराने लागतात. बाईच्या तोंडून लागणारे लग्न म्हणून या परंपरेचे मोल फार मोठे आहे. हे सारे घरापुढच्या खळ्यात, अंगणात होत असे. त्या अंगणावर सात मजले चढले, रस्ता मात्र तेवढाच राहिला. मग मांडव कुठे घालायचा? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नकोच, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सगळ्यांना सारखे आहेत आणि ते हळदीलाही पाळायला लावलेच पाहिजेत. सणांसाठी वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, त्यात घरगुती लग्न बसत नाही. पण डीजे बंद करणे वेगळे आणि मांडवच उठवणे वेगळे. गावदेवीच्या मैदानाजवळ शेड बांधून दिली असती, तिथे हजार माणसांची सोय केली असती, तर रस्ता अडला नसता आणि धवलारिणीचा आवाजही डीजेखाली गाडला गेला नसता.

ज्यांना शहरात जागा मिळत नाही ते बाहेर लॉनवर जातात. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूची २७ गावे २००२ साली महापालिकेतून वगळली आणि २०१५ साली परत घेतली. मधल्या काळात त्या पट्ट्यात शहर वाढतच राहिले आणि आराखडा मागून धावत राहिला. लॉन स्टेशनपासून सहा-सात किलोमीटरवर, बस नाही, रिक्षावाला परतीचे भाडे मागतो. म्हणून पाहुणा गाडी काढतो आणि एकाच रस्त्यावर दहा लग्नांच्या गाड्या अडकतात. ट्रेनने येणाऱ्याची वेगळी परीक्षा. रविवारचा दुरुस्तीचा मेगाब्लॉक बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो. लग्नाचा मुहूर्त नेमका याच वेळेत असतो. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या की पाहुणा मुहूर्त चुकवतो आणि थेट जेवणाच्या रांगेत उभा राहतो, म्हणजे तिथली गर्दी आणखी वाढते. कल्याणचा रुळांवरचा पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला, नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ मध्ये बंद झाला तो २०२१ मध्ये उघडला. त्या काळात नवरी पूर्वेला आणि कार्यालय पश्चिमेला असेल तर वऱ्हाडाला स्टेशनच्या दोन बाजूंमध्ये केवढा वळसा पडला असेल, याचा विचार लग्नाच्या टीकाकारांनी कधी केला आहे का?

मर्यादेचा कायदा करून पाहू, असे म्हणणाऱ्यांना तो प्रयोग आठवायला हरकत नाही. अन्नटंचाईच्या काळात देशातल्या काही राज्यांनी पाहुणे-नियंत्रणाचे आदेश काढले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात साथीमुळे लग्नाला २५ माणसे, दोन तास, एकच हॉल आणि मोडल्यास ५०,००० रुपये दंड असा आदेश होता. त्या वेळी ते योग्यच होते, माणसे मरत होती. पण साथ ओसरताच पाहुणे परत आले, कारण लग्नाला माणसे जमवण्यामागचे कारण गेलेले नव्हते. स्थलांतर केलेल्या माणसाला गावाकडची, कामावरची आणि शेजारची माणसे एका ठिकाणी भेटतात ती लग्नातच. उपनगरात राहणारा माणूस दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये घालवतो, नात्यातल्यांकडे जाणे त्याला जमत नाही. त्याच्यासाठी ही भेट चैन कशी म्हणायची?

आता पालिकेच्या सभागृहांवरचा आक्षेप. बांधून काय होणार, असलेल्यांची दशा पाहा, असे लोक म्हणतात आणि ते चुकीचे नाही. पंखे गेलेले, संडासाची दारे तुटलेली, निवडणूक आली की मतदान यंत्रांसाठी ताब्यात घेतलेली. पण ही दशा का झाली? यांतली पुष्कळशी ‘बहुउद्देशीय’ म्हणून बांधली गेली, म्हणजे भाषणासाठी. स्टेज आहे, नामफलक आहे, स्वयंपाकघर नाही. मग आचारी मागच्या बोळात चूल मांडतो, गटार तुंबते, वास सुटतो, लग्नाची मागणी आटते, उत्पन्न थांबते आणि शेवटी तिथे फुटक्या बाकांचे गोदाम होते. कार्यालय कार्यालय म्हणून बांधले तर हे टळते. तीनशे माणसांचे धरा. विधींचा हॉल अडीच हजार चौरस फूट. जेवणाचा वेगळा, अठराशे, म्हणजे दीडशेच्या दोन पंगती आणि दोन तासांत काम. स्वयंपाकघर तळमजल्यावर, पाचशे चौरस फूट, बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्यासह, सिलिंडर बाहेरच्या जाळीत. माणशी ३० लिटरने नऊ हजार, म्हणजे दहा हजार लिटरची टाकी. मोरीला चरबीचा सापळा, आणि तो दर आठवड्याला रिकामा करायची अट कंत्राटात. बायकांसाठी किमान सहा संडास, नवरीच्या खोलीला आतून कडी, म्हाताऱ्यांसाठी उतार. जागा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, म्हणजे शंभर गाड्यांच्या पार्किंगची जमीन वाचते. बिल्डरांकडून पालिकेला सार्वजनिक सोयींसाठी सुविधा भूखंड मिळतात, त्यांतला एक तरी यासाठी राखता येतो. पालिका शाळांची सभागृहे मे महिन्यात मोकळी असतात, तिथे निदान स्वयंपाकघराची शेड आणि मोरी करून देता येते.

करदात्याच्या पैशाने लोकांची लग्ने का लावायची, असाही प्रश्न येतो. लग्नाचा खर्च पालिकेने करायचा नाहीच, भाडे घ्यायचे आहे. मंडईत गाळेवाला भाडे भरतो म्हणून मंडई बांधणे चूक ठरत नाही. शिवाय घनकचऱ्याच्या नियमांत शंभरावर माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा तर कामकाजाचे तीन दिवस आधी कळवणे आणि कचरा वेगळा करणे बंधनकारक आहे. गल्लीतल्या मांडवावर हे लक्ष ठेवायला माणसे कुठून आणणार? स्वतःच्या कार्यालयात दोन पिंपे ठेवून आणि अनामत रक्कम अडकवून ते होते. लग्नाची नोंदणीही राज्याच्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत करायची असते. नमुना ‘ड’, तीन साक्षीदार, विधी लावणाऱ्याची सही, हे सगळे लोक त्या दिवशी तिथेच हजर असतात. नोंदणीचा कारकून महिन्यातल्या मोठ्या मुहूर्तांना कार्यालयात बसवला तर किती जोडप्यांचे हेलपाटे वाचतील!

वशिल्याची भीती रास्त आहे. त्यासाठी मुहूर्तांच्या तारखांची सहा महिने आधी जाहीर सोडत काढावी, म्हाडाची घरे जशी निघतात तशी, आणि कोणत्या तारखा कोणाला गेल्या ते दारावर लावावे. सकाळचे सत्र पाच वाजेपर्यंत ठेवावे, संध्याकाळचे सातपासून. मधल्या दोन तासांत जागा धुऊन निघते. आणि पहिल्या लग्नाच्या विहिणी अजून पानावर बसलेल्या असतील, उखाणा निम्म्यावर असेल, तर पुढच्याच्या फुलांच्या पाट्या व्हरांड्यात थांबू शकतात.